नाईलकाठी, राबणाऱ्यांच्या मागावर

इजिप्तला गेलेला प्रवासी बहुधा राजांना भेटून परत येतो. पिरॅमिड राजांचे, खोऱ्यातील थडगी राजांची, सोन्याचा मुखवटाही राजाचाच. गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघी बहिणी तिकडे गेलो, तेव्हा आखणी मुद्दाम दुसऱ्या बाजूने केली होती. भाकरी भाजणारे, दगड ओढणारे, शेत मोजणारे, हिशेब लिहिणारे लोक जिथे जिथे दिसतात, ती ठिकाणे आम्ही आधी निवडली आणि उरलेल्या वेळात राजांकडे गेलो. माझी धाकटी बहीण भूमी अभिलेख खात्यात मोजणीचे काम करते आणि मी इतिहास शिकवते, त्यामुळे या आखणीवर आमचे एकमत व्हायला वेळ लागला नाही. शाळेच्या पुस्तकात प्राचीन इजिप्तचा समाज त्रिकोणात दाखवलेला असतो: शिखरावर फेरो, खाली वजीर आणि पुरोहित, मग लेखनिक, सैनिक, कारागीर आणि तळाला शेतकरी व गुलाम. ही उतरंड खोटी नाही. तिच्या एका पायरीवरून दुसरीवर कोणाला जाता येत होते, कोण कोणाच्या धान्यावर जगत होते आणि कोणाचे शब्द आपल्यापर्यंत पोहोचले, हे मात्र त्या चित्रातून कळत नाही, आणि आम्हाला तेच पाहायचे होते.

पहिला दिवस : कैरोचे संग्रहालय

तहरीर चौकातील गुलाबी संग्रहालय 1902 मध्ये उघडले. तुतनखामुनचा खजिना आता गिझाजवळच्या नव्या भव्य संग्रहालयात गेला असला, तरी आमच्या विषयासाठी ही जुनी इमारतच महत्त्वाची होती. येथे का-अपेर नावाच्या पुरोहिताचा लाकडी पुतळा आहे. स्थूल शरीर, हातात काठी आणि तांब्याच्या कडांत बसवलेले स्फटिकाचे डोळे. एकोणिसाव्या शतकात फ्रेंच उत्खनक ऑग्युस्त मारिएतच्या मजुरांनी तो सक्काऱ्याच्या वाळूतून बाहेर काढला, तेव्हा हा तर हुबेहूब आपल्या गावचा मुखिया, असे त्यांना वाटले, आणि पुतळ्याला तेच नाव चिकटले. साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या अधिकाऱ्याला त्याच्याच भूमीतील शेतमजुरांनी ओळखावे, ही गोष्ट मला त्या पुतळ्याइतकीच मोलाची वाटते.

जवळच सेनेब या ठेंगू अधिकाऱ्याचा कुटुंबासह घडवलेला छोटा पुतळा आहे. मांडी घालून बसलेल्या सेनेबच्या आखूड पायांच्या जागी शिल्पकाराने त्याची दोन मुले उभी केली आहेत आणि पूर्ण उंचीच्या पत्नीने त्याच्या पाठीवरून प्रेमाने हात टाकला आहे. सेनेब राजदरबारात उच्च पदावर होता. शरीरातील वेगळेपण दरबाराच्या वाटेत आडवे येत नसे, असे हे एक उदाहरण तरी सांगते.

सर्वांत जास्त वेळ आम्ही मेकेत्रेच्या लाकडी प्रतिकृतींपुढे घालवला. मेकेत्रे हा अकराव्या घराण्याच्या उत्तरकाळातील मोठा अधिकारी. 1920 मध्ये त्याच्या थडग्यातील एका लपवलेल्या कोठडीत या प्रतिकृती सापडल्या. आज त्या कैरो आणि न्यूयॉर्क येथे विभागलेल्या आहेत. कैरोतील एका प्रतिकृतीत गुरांची मोजदाद चालली आहे. चौथऱ्यावर सावलीत मेकेत्रे आणि त्याचे लेखनिक बसले आहेत आणि समोरून ठिपक्याठिपक्यांची गुरे हाकत गुराखी चालले आहेत. दुसऱ्या प्रतिकृतीत विणकर स्त्रिया सूत कातून मागावर कापड विणत आहेत, तिसरीत सुतार लाकूड कापत आहेत. ही माणसे मालकाला परलोकात सेवा मिळावी म्हणून बनवली गेली. त्यांच्या श्रमांचे इतके बारीक चित्रण झाले आहे ते मालकाच्या गरजेपोटी, हे लक्षात ठेवूनच पुढची प्रत्येक भिंत पाहायला हवी, असे आम्ही तिथेच ठरवले.

काचेच्या पेट्यांत शाब्ती नावाच्या छोट्या बाहुल्यांच्या रांगा आहेत. नांगरट, बांध घालणे, वाळू वाहणे अशी राजाज्ञेने करावी लागणारी वेठ मेल्यावरही चुकत नाही, अशी तेथील समजूत होती. परलोकात मृताचे नाव पुकारले गेले की त्याच्या जागी या बाहुलीने "मी हजर आहे" म्हणायचे. पुढच्या काळात एका संपन्न माणसाच्या थडग्यात वर्षातील प्रत्येक दिवसासाठी एक अशा 365 बाहुल्या आणि प्रत्येक दहांवर एक मुकादम याप्रमाणे 36 मुकादम, अशी एकूण 401 ची फौज ठेवण्याची रीत पडली. मृत्यूनंतरच्या जगातही मुकादम लागतात, ही कल्पना ज्या समाजाला सुचली, त्याचे रोजचे जगणे कसे असेल याचा अंदाज या पेट्यांपाशी येतो.

संध्याकाळी चौकाजवळ कोशरी खाल्ली. भात, मसूर, मॅकरोनी, हरभरे, वर कुरकुरीत तळलेला कांदा आणि आंबट टोमॅटोची चटणी. शाकाहारी प्रवाशांनी इजिप्तमध्ये जेवणाची चिंता करू नये. कोशरी, फूल म्हणजे शिजवलेल्या बाकल्याची उसळ, आणि ताअमिया म्हणजे त्याच कडधान्याचे वडे, हे तिन्ही जवळजवळ सर्वत्र आणि स्वस्त मिळतात.

दुसरा दिवस : गिझा

पिरॅमिड गुलामांनी चाबकाखाली बांधले, ही समजूत आपल्याकडेही घट्ट बसलेली आहे. ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने एक लाख माणसांचा आकडा लिहून ठेवला आणि पुढे चित्रपटांनी तो रंगवला. गिझाच्या पठाराच्या दक्षिणेला सुमारे 200 मीटर लांबीची एक प्रचंड दगडी भिंत आहे, तिला कावळ्याची भिंत म्हणतात. तिच्या पलीकडे मार्क लेनर यांच्या उत्खननात कामगारांची वसाहत उजेडात आली: निजण्याच्या लांबच लांब ओसऱ्या, भट्ट्या, भाकरीचे घंटेच्या आकाराचे साचे, आणि गाईबैलांची, शेळ्यामेंढ्यांची ढीगभर हाडे. भिंतीजवळच्या उतारावर कामगारांची दफनभूमी आहे. 1990 मध्ये एका घोड्याचा पाय विटांच्या भिंतीला अडखळला आणि तिचा शोध लागला; पुढचे उत्खनन झाही हवास यांनी केले. सापडलेल्या सांगाड्यांचे मणके ओझ्याने झिजलेले आहेत, पण मोडून नीट जुळलेली हाडेही आहेत. म्हणजे जखमी कामगाराचे हाड कोणीतरी बसवले आणि ते सांधेपर्यंत त्याला पोसले.

ही दफनभूमी सर्वसाधारण तिकिटात पाहता येत नाही, दुरूनच दिसते. तरीही पिरॅमिडकडे पाठ करून तिकडे जरूर पाहावे. राजाच्या पिरॅमिडच्या सावलीत मातीच्या विटांचे, छोट्या घुमटांचे स्वतःचे थडगे बांधण्याचा अधिकार या माणसांना होता, आणि तो गुलामाला मिळणारा अधिकार नव्हे. पेतेती नावाच्या एका कामगाराने तर आपल्या थडग्याची नासधूस करणाऱ्याला मगर, पाणघोडा आणि सिंह खातील, असा शाप कोरून ठेवला आहे. कामाच्या टोळ्यांनी दगडांवर आपापली नावे रंगवली होती, त्यांत 'खुफूचे मित्र' होते आणि 'मेनकौरेचे मद्यपी'ही होते; खुफू आणि मेनकौरे हे येथे पिरॅमिड बांधवणारे राजे. हे काम खुशीचे होते असे मी म्हणणार नाही. राज्याने बोलावले की जावे लागे आणि उन्हात अडीच टनांचा दगड ओढणे हे कोणाच्याही वाट्याला येऊ नये. पण त्यांना गुलाम म्हटले की त्यांच्या टोळीचा अभिमान आणि त्यांची भाकरी, दोन्ही आपण पुसून टाकतो.

तांबड्या समुद्राच्या काठी वादी अल-जर्फ येथे 2013 मध्ये पिएर तालेत यांच्या चमूला मेरेर नावाच्या एका टोळीप्रमुखाची रोजनिशी मिळाली. खुफूच्या कारकिर्दीच्या अखेरीची ही नोंदवही म्हणजे लिखित पपायरसांपैकी (त्याच नावाच्या पाणवनस्पतीपासून केलेल्या कागदांपैकी) आजवर मिळालेला सर्वांत जुना. तुरा येथील खाणीतून पांढरी चुनखडी होडीत भरायची, नाईल आणि कालव्यांवाटे गिझाला आणायची, उतरवायची आणि पुन्हा तुऱ्याला परत जायचे, असा तिचा मजकूर आहे. मेरेरने पिरॅमिडच्या भव्यतेविषयी काही लिहिलेले नाही. आज कुठे मुक्काम केला आणि किती धान्य आले, एवढेच तो लिहितो.

तिसरा दिवस : सक्कारा

पहाटे इतके धुके होते की खजुराच्या बागांतून जाताना पुढचे गाढवही दिसत नव्हते आणि थंडीने हात गारठले होते. डिसेंबर-जानेवारीत जाणाऱ्यांनी सकाळसाठी स्वेटर आणि दुपारसाठी सुती कपडे, दोन्ही जवळ ठेवावेत. दहाच्या सुमारास धुके विरले आणि जोसेरचा पायऱ्यांचा पिरॅमिड एकदम समोर उभा राहिला. पण आम्ही वळलो ते मस्तब्यांकडे, म्हणजे अधिकाऱ्यांच्या चौकोनी दगडी थडग्यांकडे.

पाचव्या घराण्यातील ती या अधिकाऱ्याच्या मस्तब्यात नाईलच्या काठचे अख्खे जग कोरलेले आहे. एका ठिकाणी गुरे उथळ पाण्यातून पलीकडे चालली आहेत. गुराख्याने लहान वासराला पाठीवर घेतले आहे आणि ते मान वळवून मागून येणाऱ्या आईकडे पाहत हंबरते आहे. शेजारी होडीतला माणूस पाण्यातल्या मगरीवर बोट रोखून मंत्र म्हणत आहे. शिल्पकाराने हे दृश्य नदीकाठी उभे राहून पाहिलेले असणार, याविषयी मला शंका नाही.

वजीर मेरेरुकाचा मस्तबा तीसहून अधिक दालनांचा आहे. राजा तेतीचा हा जावई. त्याच्या भिंतीवर ठेंगू कारागीर गळ्यातले हार घडवताना दिसतात, आणि त्याच भिंतींवर कर न भरलेल्या गावप्रमुखांना लेखनिकांपुढे फरफटत आणले आहे. एकाला खांबाला बांधून काठ्यांनी मारत आहेत. लेखनिक मान खाली घालून लिहीत आहेत. माझी बहीण या चित्रापुढून बराच वेळ हलली नाही. "ताई, मारणाऱ्यापेक्षा लिहिणाऱ्याचा चेहरा शांत आहे बघ," ती म्हणाली. वजिराला हे दृश्य लाजिरवाणे वाटले नाही. आपले प्रशासन चोख होते, हेच त्याला अनंतकाळासाठी नोंदवायचे होते.

लेखनिकाची प्रतिष्ठा किती होती, हे शाळेत मुलांकडून पुन्हापुन्हा उतरवून घेतल्या जाणाऱ्या एका जुन्या मजकुरातून समजते. खेती नावाचा बाप मुलाला राजधानीतील लेखनशाळेत घालायला होडीने घेऊन निघतो आणि वाटेत इतर व्यवसायांचे हाल सांगतो. तांबट भट्टीच्या तोंडाशी उभा, त्याची बोटे मगरीच्या कातडीसारखी आणि अंगाला माशांपेक्षा वाईट वास. कुंभार जिवंतपणीच चिखलात गाडलेला. परीट नदीकाठी मगरीच्या शेजारी कपडे धुणारा. लेखनिकावर मात्र कोणी मुकादम नाही, असे बाप बजावतो. हे लिहिणारा स्वतः लेखनिकच होता, म्हणून सगळे शब्दशः घेऊ नये. परंतु मुलाने शिकून हातकामातून सुटावे ही बापाची ओढ मात्र त्यात खरी आहे.

राजा उनासच्या पिरॅमिडकडे जाणाऱ्या फरसबंद वाटेजवळ 1964 मध्ये सापडलेला नियांख-ख्नुम आणि ख्नुमहोतेप यांचा मस्तबा चुकवू नये. हे दोघे राजवाड्यातील नखांची निगा राखणाऱ्यांचे प्रमुख होते. देवतुल्य राजाच्या शरीराला हात लावण्याचा अधिकार ही त्या समाजात फार मोठी गोष्ट होती, म्हणूनच या दोघांना असे देखणे थडगे मिळाले. त्यात ते एकमेकांना आलिंगन देऊन उभे आहेत. ते जुळे भाऊ होते की जोडीदार, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत.

चौथा दिवस : लक्सॉर, पश्चिम काठ

विमानाने लक्सॉरला आलो आणि सार्वजनिक फेरीबोटीने पश्चिम काठावर उतरलो. येथील अधिकाऱ्यांच्या थडग्यांची तिकिटे मेम्नॉनच्या भव्य पुतळ्यांपुढील कचेरीत आधीच घ्यावी लागतात, थडग्यापाशी ती मिळत नाहीत. एका तिकिटात दोन-तीन थडगी जोडलेली असतात, तेव्हा नावे लिहून न्यावीत. बहुतेक ठिकाणी पैसे कार्डानेच घेतले जातात. पहारेकऱ्यांना द्यायला मात्र सुट्ट्या नोटा लागतात.

मेन्ना हा राजाच्या आणि अमून देवाच्या मंदिराच्या शेतांवर देखरेख करणारा लेखनिक. त्याच्या छोट्याशा थडग्यात, उभ्या पिकातून दोरी धरून चाललेले मोजणीदार पाहताच माझी बहीण थबकली. दोरीला ठरावीक अंतरावर गाठी, पुढे एक माणूस, मागे एक, सोबत पाट्या घेतलेले लेखनिक आणि पाहुणचारासाठी काही आणलेला शेतकरी. नाईलचा पूर ओसरल्यावर बांध पुसले जात, म्हणून मोजणी दरवर्षीची. आणि कापणीपूर्वीच्या मोजणीवरून कर ठरत असे. तिने पहारेकऱ्याला खुणांनी सांगितले की आपणही हेच काम करतो. तो वृद्ध मनापासून हसला आणि मग त्याने आरशाने बाहेरचे ऊन आत वळवून आम्हाला कोपऱ्यातली चित्रे दाखवली: सरवा वेचताना एकमेकींचे केस ओढून भांडणाऱ्या दोन मुली, मैत्रिणीच्या तळपायातला काटा काढणारी तिसरी, झाडाखाली पेंगणारा मजूर आणि शेजारी बासरी वाजवणारा. मेन्नाच्या स्वतःच्या प्रतिमेचे डोळे मात्र कोणीतरी जुन्या काळीच खरवडून टाकले आहेत. शेतातल्या त्या मुली तशाच राहिल्या आहेत.

वजीर रेखमिरे याचे थडगे अगदी निराळे आहे. आत जावे तसे छत उंच होत जाते आणि भिंतीभर चामड्याचे, लाकडाचे, धातूचे कारखाने चालू दिसतात. एका पट्टीत विटा पाडणारे आहेत: तलावातून पाणी काढणारे, माती कालवणारे, साचा मारणारे. हे अमूनच्या मंदिरासाठी राबणारे युद्धकैदी आहेत, असे शेजारचा मजकूर सांगतो. त्यांत सिरियाकडचे गोरे आणि नुबियाकडचे काळे लोक आहेत. काठी घेतलेला मुकादम त्यांना 'काठी माझ्या हातात आहे, आळस करू नका' असे बजावतो. इजिप्तमधील गुलामगिरी शोधायची तर ती पिरॅमिडपाशी नसून येथे आहे, पिरॅमिडनंतर हजार वर्षांहून अधिक काळाने, साम्राज्य वाढल्यावर.

दुपारी आमच्या चालकाने जेवायला घरी नेले. त्यांच्या आईने अंगणात मातीच्या गोल थाळ्यांवर कणकेचे गोळे उन्हात फुगत ठेवले होते. याला ऐश शम्सी, उन्हाची भाकरी म्हणतात. ती वरच्या, म्हणजे दक्षिण इजिप्तची खासियत आहे. फुगलेले गोळे मातीच्या भट्टीत गेले आणि बाहेर आली ती जाड, खरपूस, आतून मऊ भाकरी. सोबत मुलुखियाची हिरवी भाजी आणि मेंढीच्या दुधाचे चीज. मी त्यांना 'खाला' म्हणून हाक मारली, तेव्हा त्यांनी जवळ बसवून घेतले आणि दुसरी भाकरी नाही म्हणू दिली नाही. गावाबाहेर ऊसतोड चालू होती आणि अरुंद रुळांवरून उसाने भरलेले डबे कारखान्याकडे चालले होते.

पाचवा दिवस : देर अल-मदीना

मला इजिप्तमधील एकच जागा पुन्हा पाहायला मिळणार असेल, तर मी देर अल-मदीना मागेन. राजांच्या खोऱ्यातील थडगी कोरणारे आणि रंगवणारे कारागीर येथे सुमारे चार शतके पिढ्यानपिढ्या राहिले. टेकड्यांच्या खोबणीत मधोमध एक बोळ, दोन्ही बाजूंना भिंतीला भिंत लागून असलेली घरे. तटाच्या आत अशी 70 च्या आसपास. पुढची खोली, मग खांबाची खोली, मागे उघड्यावर स्वयंपाकघर आणि खाली तळघर. पायऱ्या, चुली, दळण्याचे दगड अजून जागेवर आहेत.

या खोबणीत पाण्याचा थेंब नाही. पाणी गाढवांवरून येई. कोळी, परीट, सरपणवाले, भाजी पिकवणारे असे सगळे सेवक राज्याने गावासाठी नेमलेले होते. पगार धान्यात मिळे. साध्या कारागिराला महिन्याला 4 खार गहू आणि दीड खार सातू, तर नाईक आणि लेखनिकाला साडेपाच खार गहू व 2 खार सातू. एक खार म्हणजे 75 लिटरांहून थोडे अधिक. हा गहू म्हणजे आपल्याकडे सांगली-साताऱ्याच्या पट्ट्यात पिकणारा खपली गहूच. त्याची भाकरी होई आणि सातूची बिअर. साध्या कारागिराच्या आणि त्याच्या नाईकाच्या पगारात फरक दुपटीचाही नव्हता, हे तिथल्या दगडी जोत्यावर बसून मी वहीत दोनदा लिहिले.

आठवडा दहा दिवसांचा. आठ दिवस डोंगरापलीकडे काम आणि मग सुटी. तांब्याची छिन्नी देताना तिचे वजन दगडाशी तोलून नोंदले जाई आणि परत घेताना पुन्हा तोलले जाई, कारण तांबे राज्याचे होते. रामेसिस दुसरा याच्या कारकिर्दीच्या 40 व्या वर्षाची हजेरी चुनखडीच्या एका कपच्यावर लिहिलेली आहे आणि ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. गैरहजेरीची कारणे तिच्यात आहेत: विंचू चावला, डोळे आले, आईचे प्रेत गुंडाळायचे आहे, बिअर गाळायची आहे, पत्नी किंवा मुलगी पाळीत आहे. गावाच्या उत्तरेला एक खोल खड्डा आहे. तो विहिरीसाठी खणला गेला असावा. पाणी लागले नाही, पण कचऱ्याबरोबर त्यात हजारो लिहिलेल्या खापऱ्या पडल्या. बेर्नार ब्रुयेर यांच्या उत्खननात त्या निघाल्या आणि इजिप्तमधील सामान्य माणसाविषयी आपल्याला जे ठाऊक आहे, त्याचा फार मोठा भाग या केराच्या खड्ड्यातून आला.

नौनख्ते ही याच गावची. रामेसिस पाचवा याच्या तिसऱ्या वर्षी तिने साक्षीदारांपुढे आपले मृत्युपत्र सांगितले. मी आठ मुलांना वाढवले, संसार थाटून दिला. आता मी म्हातारी झाले आहे, ज्यांनी माझा हात धरला त्यांना माझे मिळेल आणि ज्यांनी धरला नाही त्यांना मिळणार नाही, असा त्याचा आशय आहे. इजिप्तमधील स्त्रीची मालमत्ता तिची स्वतःची असे आणि ती कोणाला द्यायची हे ती ठरवू शके. अर्थात ही कारागिराच्या घरची, लेखनिकाशी लग्न झालेली स्त्री होती; मेकेत्रेच्या मागावरील विणकरणीला असा अधिकार वापरायला मालमत्ता कुठून असणार?

गावाच्या टोकाला सेनेजेमचे घर आणि वर टेकडीत त्याचे थडगे. 1886 मध्ये ते अबाधित सापडले. लहान दरवाजातून वाकून आत गेले की पिवळ्या रंगाचा उजेड अंगावर येतो. सेनेजेम आणि त्याची पत्नी इयनेफर्ती पांढरीशुभ्र, झुळझुळीत वस्त्रे नेसून परलोकातील शेतात नांगरत आहेत आणि कापणी करत आहेत. प्रत्यक्षात या जोडप्याने शेत नांगरलेले नसणार, त्यांचे धान्य राज्याच्या कोठारातून येत होते. दिवसभर राजाचा स्वर्ग रंगवणाऱ्या माणसाने सुटीत स्वतःसाठी जो स्वर्ग रंगवला, त्यात त्याने स्वतःचे शेत मागितले.

तिथून आम्ही चालतच रामेसियमकडे, म्हणजे रामेसिस दुसरा याच्या स्मारक मंदिराकडे गेलो. रामेसिस तिसरा याच्या 29 व्या वर्षी, इ.स.पू. बाराव्या शतकाच्या मध्यात, धान्य थकल्यामुळे हे कारागीर हत्यारे ठेवून दफनभूमीच्या पाच भिंती ओलांडून आले आणि आधी तिसऱ्या थुतमोसच्या मंदिराच्या मागे, मग रामेसियममध्ये ठाण मांडून बसले. भूक आणि तहान आम्हाला येथे घेऊन आली आहे. कपडा नाही, तेल नाही, मासे नाहीत, भाजी नाही. हे राजाला कळवा, वजिराला कळवा, असे त्यांनी सांगितले. लेखनिक अमेननख्तने हे लिहून ठेवले आणि तो पपायरस आज इटलीतील तुरीनमध्ये आहे. इतिहासात लिखित नोंद असलेला हा पहिला संप. थकलेले धान्य त्यांना मिळाले. नंतरही ते पुन्हा थकले आणि कारागीर पुन्हा बाहेर पडले.

सहावा दिवस : कर्नाक

कर्नाक म्हणजे लक्सॉरच्या पूर्व काठावरील अमूनचे भव्य मंदिर; त्याविषयी थोडक्यात लिहिते, कारण इतरत्र पुष्कळ लिहिलेले आहे. रामेसिस तिसरा याच्या काळी अमूनच्या मंदिराकडे सुमारे 86,000 माणसे आणि चार लाखांहून अधिक जनावरे होती, असे एका मोठ्या पपायरसात नमूद आहे. पुरोहित चार पाळ्यांत वाटलेले असत. वर्षातून तीन महिने सेवा आणि उरलेला काळ आपापला संसार व व्यवसाय. सेवेच्या काळात अंगावरचे सर्व केस काढायचे, वारंवार स्नान करायचे, तागाचेच वस्त्र नेसायचे. देवापुढचा नैवेद्य नंतर त्यांच्यात वाटला जाई आणि हा वाटाच त्यांचे वेतन होता. सामान्य माणसाला गाभाऱ्याकडे प्रवेश नव्हता. मंदिराच्या पाठीमागे, पूर्वेला, त्यांच्यासाठी ऐकणाऱ्या देवाचे एक देऊळ होते. तिथे फारसे कोणी जात नाही, तुम्ही जा. पहिल्या महाद्वाराच्या आतल्या बाजूला, उजव्या हाताला, दगड वर चढवण्यासाठी रचलेल्या कच्च्या विटांच्या उताराचे अवशेष अजून आहेत. द्वार अपुरे राहिले, म्हणून कामगारांचा हा उतार टिकला.

शेवटचा दिवस : अल-काब

लक्सॉरच्या दक्षिणेला सुमारे 80 किलोमीटरवर, एडफूच्या अलीकडे, अल-काबच्या कातळात काही थडगी आहेत. बहुतेक क्रूझ बोटी येथे थांबत नाहीत, म्हणून गाडी करून जावे आणि पाणी व खाणे बरोबर न्यावे. सकाळपासून जोराचा वारा सुटला होता. पायऱ्या चढेपर्यंत तोंडात वाळूची कचकच झाली. इजिप्शियन ममींचे दात झिजलेले का असतात, याचे एक कारण भाकरीतली अशीच वाळू होती.

इबानाचा मुलगा अहमोस हा येथला साधा नाविक. बापाच्या जागी तो लढाऊ जहाजावर चढला, उत्तर इजिप्तवर राज्य करणाऱ्या परक्या हिक्सोसांविरुद्ध त्यांच्या राजधानीच्या, अवारिसच्या, वेढ्यात लढला आणि पुढे तीन राजांच्या मोहिमांत राहिला. आपल्याला सात वेळा सोने, शिवाय जमीन आणि गुलाम मिळाले, हे तो भिंतीवर स्वतः सांगतो. शेजारच्याच थडग्यात त्याचा नातू पहेरी आहे, तो या नगराचा प्रमुख आणि राजपुत्राचा शिक्षक. जहाजावरच्या नोकरीपासून नगरप्रमुखपदापर्यंत हे घराणे दोन पिढ्यांत चढले.

पहेरीच्या भिंतीवर कापणी, मळणी, उफणणी आणि धान्य होड्यांत भरणे अशी सगळी कामे आहेत, आणि मजुरांच्या डोक्यावर त्यांचे शब्द लिहिलेले आहेत. मळणीवाला बैलांना म्हणतो, मळा रे स्वतःसाठी; पेंढा तुम्हाला खायला आणि धान्य तुमच्या मालकांना. होडीवर पोती चढवणारे म्हणतात, दिवसभर आम्ही सातू आणि गहूच वाहायचा का? कोठारे भरली, राशी काठावरून सांडू लागल्या, होड्या जड झाल्या, धान्य बाहेर पडू लागले, तरी आम्हाला घाईच. आमची हृदये तांब्याची आहेत काय?

हे शब्द पहेरीने किंवा त्याच्या लेखनिकाने लिहून घेतले, मजुरांनी नव्हे. तरीही शेतकऱ्याचा आवाज इतक्या जवळून मला संपूर्ण प्रवासात दुसरीकडे ऐकू आला नाही. बहिणीने ती ओळ मार्गदर्शकाकडून दोनदा वाचून घेतली आणि वहीत उतरवली.

निघण्यापूर्वी आम्ही पुन्हा अहमोसच्या थडग्यात गेलो, कारण तेथील एक यादी नीट पाहायची राहिली होती. त्याला मिळालेल्या गुलाम स्त्री-पुरुषांची नावे तिथे कोरलेली आहेत. बरीचशी इजिप्शियन घडणीची आहेत, बहुधा मालकाने दिलेली. पण एका स्त्रीच्या नावात इश्तार देवीचे नाव आहे. ही देवी आशियातील, नाईलकाठची नव्हे. म्हणजे तिला युद्धातून उचलून आणल्यानंतरही तिचे मूळ नाव कोणीतरी तसेच लिहिले. अल-काबला गेलात तर सात सोन्यांची गोष्ट वाचून बाहेर पडू नका, ही यादी दाखवायला सांगा.